ऑगस्टसचा साधेपणा खरा होता का?

प्रश्न: ऑगस्टस, रोमचा पहिला सम्राट. अख्ख्या रोमचा धनी, पण पॅलाटाइन टेकडीवरच्या एकाच खोलीत चाळीसहून अधिक वर्षं झोपला. खाणं जाडाभरडा पाव, बारीक मासे, हिरवे अंजीर. अंगावर बायको, बहीण, मुलगी यांनी घरी विणलेलं कापड. मला हे पटतही नाही आणि सोडवतही नाही. तुम्हाला काय वाटतं?

उत्तर: खरा असेलही, पण सोयीचाही होता. राजा होऊ पाहतो या संशयावरून ज्युलियस सीझरचा, म्हणजे त्याला दत्तक घेणाऱ्याचाच, खून झाला, तेव्हा ऑगस्टस अठरा वर्षांचा. इ.स.पू. २२ मध्ये लोकांनी डिक्टेटरपद देऊ केलं, ते त्याने नाकारलं. ट्रिब्यूनचे, म्हणजे निर्णय रोखू शकणाऱ्या लोकप्रतिनिधीचे, अधिकार मात्र आदल्याच वर्षी घेतले होते! शिवाय रोमला धान्य पुरवणारा इजिप्त त्याच्या मुठीत. परवानगीशिवाय सेनेटरला तिथे पाऊल टाकता येत नसे.

उत्तर: कापड विणणाऱ्या त्या मुलीचं, ज्युलियाचं, पुढे काय झालं तेही बघा. इ.स.पू. २ मध्ये बापाने तिला इटलीजवळच्या पांदातेरिया या छोट्या बेटावर हद्दपार केलं, वाइनसुद्धा बंद.

प्रश्नकर्ती: हे वाचून पोटात कालवलं. सोबत आई स्क्रिबोनिया गेली, स्वतःहून. ज्युलिया जन्मली त्याच दिवशी ऑगस्टसने जिला घटस्फोट दिला होता, तीच.