अनुभव धागा: फोटोग्राफीचं पहिलं पुस्तक कुठलं घेतलंत?

दिवाळीत कॅमेरा घेतला, पण गाडी अजून 'ऑटो'वरच अडली आहे. व्हिडिओ बघताना सगळं समजतं, कॅमेरा हातात आला की पाटी कोरी. एकच पुस्तक घेणार आहे. नुसती नावं नकोत, त्याने तुमच्या फोटोंत काय बदललं ते लिहा. फसला असाल तर तेही लिहा.

*

ब्रायन पीटरसनचं 'अंडरस्टँडिंग एक्स्पोजर'. पावसाळ्यात आंबोलीच्या धबधब्यावर ट्रायपॉड लावून त्याचं म्हणणं पडताळून पाहिलं. एफ/४ ला (लेन्सचं छिद्र मोठं) १/५०० सेकंद आणि एफ/२२ ला (छिद्र बारीक) १/१५ सेकंद, प्रकाश तेवढाच. पण पहिल्यात पाण्याचे थेंब सुटे, दुसऱ्यात दुधाची धार. 'बरोबर' एक्स्पोजर, म्हणजे छिद्र आणि वेळेची जोडी, एकच नसतं, त्यातलं आपल्याला हवं ते निवडायचं असतं, हे तेव्हा डोक्यात शिरलं. कॉम्पोझिशनसाठी, म्हणजे चौकटीत काय कुठे ठेवायचं यासाठी, मात्र दुसरं काहीतरी बघा.

*

कॉम्पोझिशनसाठी 'द फोटोग्राफर्स आय'. पण लेखकाचं नाव बघून घ्या! मला हवं होतं मायकेल फ्रीमनचं, २००७चं. एकाच दृश्याच्या वेगवेगळ्या चौकटी, रेषांच्या आकृत्या, शिकवायला बसल्यासारखं. घाईत मागवलं त्याच नावाचं जॉन सारकॉव्स्कीचं, १९६६चं. त्यात मजकूर थोडका, बाकी फोटोच फोटो. आठवडाभर स्वतःवरच चरफडलो. मग रोज रात्री दोन पानं बघायला लागलो. चौकटीच्या कडेला कापलेला हात, अर्धवट दार. छायाचित्रकाराने काय बाहेर ठेवलं ते दिसायला लागलं. फ्रीमन नंतर घेतलंच, पण उघडतो जास्त सारकॉव्स्की.

*

मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवरून एका कॅमेऱ्याचं गाईड घेतलं होतं, स्वस्तात. अर्धं पुस्तक मेनूतल्या बटणांवर. कॅमेरा बदलला, पुस्तक रद्दीत.

*

मी डार्करूमच्या काळातला. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सच्या 'द कॅमेरा', 'द निगेटिव्ह', 'द प्रिंट' या तिन्हींपैकी मधलं वाचा. तिन्ही एकदम घेऊ नका. डेव्हलपिंगची पानं खुशाल सोडा, झोन सिस्टीम (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटा पायऱ्यांनी मोजायची पद्धत) सोडू नका. कॅमेऱ्यातल्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरला काळं-पांढरं कळत नाही, समोरचं सगळं ते करडं समजतं. म्हणून काळी म्हैस फोटोत राखेत लोळून आल्यासारखी दिसते आणि चुन्याची भिंत मळकी. म्हशीला एक-दीड स्टॉप उणे (एक स्टॉप उणे म्हणजे प्रकाश निम्मा, अधिक म्हणजे दुप्पट), भिंतीला तेवढंच अधिक. फिल्मवाल्यांनी सावल्या सांभाळल्या, तुम्ही डिजिटलवाल्यांनी आधी उजळ भाग सांभाळा.

*

शिकवणारी पुस्तकं 'चौकट मोकळी ठेवा' म्हणतात. दादरच्या फुलबाजारात ठेवून दाखवा! छायाचित्रकार रघुबीर सिंग यांचं 'बॉम्बे: गेटवे ऑफ इंडिया' (१९९४) लायब्ररीत मिळालं तर बघा. नियम एकही सांगितलेला नाही. काचा, आरसे, माणसांमागे माणसं, तरी नजर हरवत नाही.

*

सगळ्यांचे आभार. पीटरसन मागवलं. तोवर गोठ्यात सराव चालू आहे. एक स्टॉप उणेला म्हैस काळी आली. दीडचा हिशेब लावेपर्यंत ती उठून गेली.