वर्गात सोशल मीडिया वापरायचाय, अनुभव असलेल्यांनी सल्ला द्याल का?

खडूवाली
मी आठवीला विज्ञान आणि भूगोल शिकवते. मुलं संध्याकाळभर ज्यात रमलेली असतात त्याचा वर्गात काही उपयोग होईल का, हे करून बघायचंय. गेल्या वर्षी व्हॉट्सअ‍ॅपवर वर्गाचा ग्रुप काढला होता. पंधरा दिवसांत अभ्यास बाजूला राहिला आणि शुभसकाळचे निरोप सुरू झाले. त्यापुढचं जास्त वाईट. ग्रुपमधून एका मुलीचा नंबर घेऊन कुणीतरी तिला नको ते मेसेज पाठवले. नंबर सगळ्यांना दिसतात याचा विचार मी आधी करायला हवा होता, ते अजून सलतं. ग्रुप बंद केला, पण कल्पना सोडवत नाही. काही मुलांकडे फोन नाहीच, हेही लक्षात घ्या. कुणी प्रत्यक्ष केलंय का?

शाईची_दौत
आधी वयाचं. इन्स्टाग्राम, फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप, सगळीकडे किमान वय १३ आहे. (अमेरिकेत १९९८ साली मुलांच्या ऑनलाइन माहितीच्या संरक्षणासाठी कायदा झाला, त्यातून हा आकडा आलाय.) ऑस्ट्रेलियात तर १० डिसेंबर २०२५ पासून बहुतेक मोठ्या माध्यमांवर १६ च्या आतल्या मुलांना खातं ठेवता येत नाही. आठवीतल्या काहींना तेरावंही पूर्ण झालेलं नसतं. तेव्हा मुलांचं खातंच लागणार नाही असे तास आखा. पोस्ट पडद्यावर दाखवा, नाहीतर छापून वाटा. फोन नसलेल्यांचा प्रश्नही त्यातच सुटतो.

माझा सगळ्यात चांगला झालेला तास सांगते. पुराच्या पाण्यात बुडालेल्या हमरस्त्यावर पोहणारा शार्क, गाडीच्या खिडकीतून टिपलेला, हा फोटो बहुतेकांनी पाहिला असेल. २०११ मध्ये आयरीन चक्रीवादळाच्या वेळी तो पोर्तो रिकोचा म्हणून फिरला, २०१७ मध्ये हार्वेच्या वेळी ह्यूस्टनचा म्हणून. मी आधी फक्त फोटो दाखवला आणि विचारलं, खरा वाटतो का? बहुतेक हात वर. मग दोन्ही वेळच्या पोस्ट शेजारी ठेवल्या. एकच शार्क, त्याच वळणावर, दोन वेगळ्या ठिकाणी! वर्ग एकदम जागा झाला. त्यानंतर फोटोवरून फोटो शोधायचं तंत्र (गूगल लेन्स किंवा टिनआय) पडद्यावर करून दाखवलं. मूळ फोटो दक्षिण आफ्रिकेच्या समुद्रातला, छोट्या होडीतल्या माणसामागे आलेल्या शार्कचा. तिथला शार्क उचलून रस्त्यावर चिकटवलेला. पण पुढचा अर्धा तास खरा मोलाचा होता, कारण मुलांचे प्रश्न भूगोलाकडे वळले. वादळाने समुद्राचं पाणी किती आत येतं? ते खारं असतं की पावसाचं गोडं? गोड्या पाण्यात शार्क जगेल का? धडा मला उघडायलाच लागला नाही.

दुपारची_शाळा
वरच्या सल्ल्याशी अर्धी सहमत. नुसतं तपासायला शिकवलं तर मुलं बघेच राहतात. आपलं काम कुणीतरी बघणार आहे म्हटल्यावर ती किती कसून करतात, हे मी पाहिलंय.

आम्ही चंद्रकलांवर दीड मिनिटाचा व्हिडिओ केला. विजेरी, चेंडू आणि हात एवढंच दिसतं, एकही चेहरा नाही, कुणाचं नाव नाही. पहिल्या मसुद्यात मुलांनी लिहिलं होतं की पृथ्वीची सावली पडते म्हणून चंद्र कमी दिसतो. मी खोडलं नाही, "दाखवा" म्हटलं. चेंडू डोक्याभोवती फिरवताना त्यांच्याच लक्षात आलं की चेंडूचा अर्धा भाग कायम उजळलेला असतो, आपल्याला त्यातला कमीजास्त दिसतो. सावलीचं ते म्हणजे ग्रहण. मजकूर पुन्हा लिहिला, तोही चारदा. पेपरात हाच गैरसमज मी वर्षानुवर्षं लाल शाईने खोडत आलेय आणि तो जात नव्हता.

व्हिडिओ यूट्यूबवर माझ्या खात्यावरून, अनलिस्टेड (शोधून सापडत नाही, लिंक असेल त्यालाच दिसतो) ठेवून, कॉमेंट बंद. लिंक फक्त पालकांना.

रेघी_वही
भाषेच्या तासाला चालेल असं एक. एक्सवर (तेव्हाचं ट्विटर) आधी १४० अक्षरांची मर्यादा होती, २०१७ पासून २८० झाली. आम्ही कागदावर २८० चौकोन आखतो आणि धड्याचा सारांश त्यात बसवायचा. मराठीत काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरातलं हलन्त, सगळं वेगळं मोजलं जातं, त्यामुळे "पृथ्वी" सहा चौकोन खातो. शब्द वाचवण्यासाठी मुलं इतकी भांडतात की जोडाक्षरं आपोआप पक्की होतात.

सायकलस्वार
सूचना पाठवायच्या तर ग्रुपऐवजी पालकांसाठी व्हॉट्सअ‍ॅप चॅनल करा. तिथे एकाचा नंबर दुसऱ्याला दिसत नाही आणि उलट संदेशही येत नाहीत. मुलांना त्यात घेऊच नका.

खडूवाली
सगळ्यांचे मनापासून आभार. चॅनल आजच काढते. चंद्रकलांचा तो गैरसमज माझ्याही वर्गात आहे, पण व्हिडिओ दिवाळीनंतर. शार्कचा तास सोमवारी ठेवलाय. आमचा प्रोजेक्टर बंद आहे, छापून न्यावं लागेल. काळंपांढरं चालेल का?

शाईची_दौत
रंगीतच काढा, चार मुलांत एक पुरे. शार्कवरचा उजेड आणि रस्त्यावरच्या पाण्याचा रंग जुळत नाही, हे एखादं तरी मूल बघेल. माझ्या वर्गात मागच्या बाकावरच्या मुलीने पाहिलं होतं, मी बोट दाखवायच्या आधी.