रेड्रूथमधलं ‘तांबडं’ नेमकं कुठे आहे?

एकांनी लिहिलंय की इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला असलेल्या कॉर्नवॉलमधल्या रेड्रूथ गावाच्या नावातला ‘रेड’ म्हणजे इंग्रजी तांबडा. तांबडा त्या नावात आहे हे खरं, पण तो मागच्या अर्ध्यात! कॉर्निश या तिथल्या जुन्या भाषेत ‘रूथ’ म्हणजे तांबडा, आणि पुढचा ‘रेड’ हा ‘रिड’ या जुन्या शब्दावरून आलाय. रिड म्हणजे नदी पायी ओलांडायचा उतार. म्हणून रेड्रूथ म्हणजे तांबडा उतार. गावाचे लोक नाव उच्चारताना जोरही ‘रूथ’वरच देतात.

कॉर्निशमध्ये नाम आधी, विशेषण मागून. आपल्याकडे खुर्द-बुद्रुक असेच मागून येतात. तिथल्याच मॅराझायन गावाचं नाव ऐकून लोकांना बायबलमधलं झायन आठवतं. मूळ शब्द आहेत ‘मार्घास’ म्हणजे बाजार आणि ‘बिहन’ म्हणजे छोटा. अगदी ‘बाजार खुर्द’!

तिथून जवळच पेन्झान्स आहे. त्याच्या मुख्य रस्त्याचं नाव ‘मार्केट ज्यू स्ट्रीट’. त्यावरून ज्यू व्यापाऱ्यांच्या कथा रचल्या गेल्या. पण हे ‘मार्घास योव’चं इंग्रजी कानांनी केलेलं रूप आहे. योव म्हणजे गुरुवार, गुरुवारचा बाजार. हा ‘योव’ लॅटिनमधल्या ज्युपिटरच्या वारावरून आला, म्हणजे ग्रहसुद्धा आपलाच गुरू. पुण्याच्या गुरुवार पेठेला याहून जवळचं नाव मला तरी दुसरं सापडलेलं नाही, आणि ते कळलं त्या दिवशी मला फार आनंद झाला होता.

पेन्झान्समधला ‘पेन’ म्हणजे डोकं, तसंच समुद्रात घुसलेलं जमिनीचं टोक. आपल्या घाटमाथ्यातला माथा जसा. ‘सान्स’ म्हणजे पवित्र. नावाचा अर्थ ‘पवित्र टोक’, पण गावाच्या जुन्या मुद्रेवर तबकात ठेवलेलं, बाप्तिस्मा देणाऱ्या संत योहानाचं मस्तक आहे. कुणीतरी पेनचा दुसरा अर्थ धरला.

‘ट्रे’ म्हणजे वस्ती, ‘पोल’ म्हणजे डोह, ‘पोर्थ’ म्हणजे बंदर. एवढे ठाऊक असले तरी नकाशा बराच उलगडतो. कॉर्नवॉलचा सर्वांत उंच माथा, ४२० मीटरचा ‘ब्राउन विली’, त्यात ना तपकिरी रंग ना कुणी विली. ते आहे ‘ब्रॉन वेन्निली’, पाकोळ्यांची टेकडी.

कॉर्निश बोलणारी शेवटची बाई म्हणून जिचं नाव नेहमी घेतलं जातं, ती पेन्झान्सजवळच्या माउझोल गावची डॉली पेंट्रीथ १७७७ मध्ये वारली. पेंट्रीथ म्हणजे पेन आणि ट्रेथ: वाळूच्या किनाऱ्याचं टोक.