विमान मेकॅनिकांची युनियन: फक्त मेकॅनिकांची हवी की सगळ्यांची मोठी?

सेफ्टीवायर
अमेरिकेत कुठल्या ना कुठल्या एअरलाइनच्या हँगरमध्ये युनियन बदलण्यासाठी मतदान मागणारी सह्यांची कार्डं फिरतच असतात. एकीकडे टीमस्टर्स, आयएएम, टीडब्ल्यूयू या अनेक प्रकारचे कामगार घेणाऱ्या मोठ्या युनियन, दुसरीकडे १९६२ पासूनची ॲम्फा, जी फक्त विमान मेकॅनिकांची आहे. माझं मत ॲम्फाच्या बाजूने. लॉगबुकात सही करून विमान उडण्याजोगं आहे असं सांगणारा माणूस स्वतःचं लायसन्स पणाला लावतो. वाटाघाटीच्या टेबलावर हे कळणाराच माणूस हवा. मोठ्या युनियनकडे त्याच एअरलाइनचे रॅम्पवाले (सामान चढवणारे-उतरवणारे), स्टोअर्सवालेही असतात आणि संख्या त्यांची जास्त. मेकॅनिकांची मागणी मग इतरांच्या हिशेबात विरघळते. ॲम्फात राष्ट्रीय पदाधिकारी सभासद थेट निवडतात, नको झाले तर परत बोलावतात, आणि वाटाघाटीला साधा सभासद निरीक्षक म्हणून बसू शकतो.

रिव्हेटगन
थेट निवडणुकीचं कौतुक समजलं, पण टीमस्टर्सचे सर्वोच्च पदाधिकारीही १९९१ पासून सभासदच थेट निवडतात. त्यात ॲम्फा एकटी नाही.

नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचं काय? १९९८ मध्ये तिथल्या मेकॅनिकांनी आयएएम सोडून ॲम्फा आणली. २० ऑगस्ट २००५ ला सुमारे ४,४०० जण संपावर गेले. कंपनी त्यांच्यावरच्या खर्चात वर्षाला १७ कोटी ६० लाख डॉलरची कपात मागत होती. तिने बदली मेकॅनिक, मॅनेजर आणि बाहेरच्या कंत्राटदारांची तयारी आधीच करून ठेवली होती. वैमानिक, हवाई कर्मचारी आणि आयएएमचे ग्राउंडवाले कामावर येत राहिले आणि विमानं उडत राहिली. बदली माणसं कायम झाली. पाठीशी कोणी नसलेल्या युनियनची अशी गत होते.

सेफ्टीवायर
एकटेपणाचा मुद्दा खरा आहे. दुसऱ्याचे सभासद ओढले की दुखावलेला मदतीला येत नाही. पण १४ सप्टेंबरला नॉर्थवेस्टने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि पुढे बाकीच्या युनियनांनाही कपात सोसावी लागली. आयएएम राहिली असती तर पगार वाचले असते, हे त्यातून सिद्ध होत नाही. २००३ पासून साउथवेस्ट एअरलाइन्सचे मेकॅनिक ॲम्फात आहेत. तिथे २०१२ ला बदलायला खुला झालेला करार २०१९ मध्ये पुरा झाला. मधल्या काळात कंपनीने युनियनला कोर्टात खेचलं, तरी मेकॅनिक फुटले नाहीत.

रिव्हेटगन
सात वर्षं! हे यश म्हणून सांगता? आणि युनायटेडमध्येही २००३ ला ॲम्फा आली होती. २००८ ला तिथल्याच मेकॅनिकांनी तिला बाजूला सारून टीमस्टर्स निवडली.

कार्डमोजणी
सात वर्षांचा दोष निव्वळ युनियनवर टाकू नका. रेल्वे लेबर ॲक्ट १९२६ चा, १९३६ पासून विमान कंपन्यांना लागू. त्यात करार संपत नाही, फक्त बदलायला खुला होतो. मध्यस्थी चालू असताना नॅशनल मीडिएशन बोर्ड हे सरकारी मंडळ दोन्ही बाजूंना मोकळं करेपर्यंत संप करता येत नाही, आणि मोकळं केल्यावरही ३० दिवस थांबावं लागतं. कोणतीही युनियन आणा, हे घड्याळ बोर्डाच्या हातात राहतं.

वाद घालणाऱ्यांनी आधी कार्डांचं गणित शिकावं, कारण बहुतेक मोहिमा इथेच मरतात. मतदान मागायला त्या कामगार-गटातल्या निम्म्या लोकांची कार्डं लागतात, आणि गट म्हणजे देशभरातली सगळी स्टेशनं मिळून एकच. मोठ्या तळावर ८० टक्के जमली तरी छोट्या लाइन स्टेशनांवर (रोजची किरकोळ देखभाल होणारे विमानतळ) रात्रपाळीला गाठायला माणूस नसेल, तर आकडा खाली येतो. या गटात फक्त लायसन्सवाले नसतात, 'मेकॅनिक आणि संबंधित कर्मचारी' असा तो व्यापक असतो. कामावरून कमी केलेले, पण परत बोलावलं जाण्याचा हक्क असलेले लोकही यादीत धरले जातात. त्यांचे पत्ते जुने असतात, कार्डं मिळत नाहीत, पण भाजकात ते उभेच.

प्रत्येक कार्डावर सही आणि तारीख कामगाराच्या स्वतःच्या हाताने हवी. कार्ड एक वर्षच चालतं. मोहीम रेंगाळली की पहिल्या महिन्यांची कार्डं बाद होऊ लागतात आणि भरलेली बादली खालून गळते. म्हणून निम्म्यावर थांबू नका, ६५ टक्क्यांच्या आसपास जमल्याशिवाय अर्ज करू नये असं माझं ठाम मत. कारण निवडणूक हरलात तर एक वर्ष पुन्हा अर्ज नाही, जिंकलात तर दोन वर्षं नव्या युनियनला कोणी हात लावू शकत नाही.

आणखी एक, अमेरिकन एअरलाइन्समध्ये आयएएम-टीडब्ल्यूयू एकत्र आहेत. दोघी एएफएल-सीआयओ या युनियनांच्या महासंघात असल्याने तिथली दुसरी सभासद युनियन त्यांचे लोक ओढू शकत नाही. टीमस्टर्स २००५ मध्ये बाहेर पडली, ॲम्फा आत नाही. खरे पर्याय एवढेच उरतात.

रिव्हेटगन
मान्य. पण निकालानंतरच्या सकाळचं कोणी बोलत नाही. करार तोच राहतो, नवी युनियन तो बदलाच्या तारखेआधी एकतर्फी उघडू शकत नाही. जुन्या युनियनचे वकील, इमारत, संपनिधी मात्र तिच्याकडेच राहतात. लवादाकडे अडकलेल्या तक्रारी नव्या युनियनला घ्याव्या लागतात आणि फाइली वेळेत हातात आल्या नाहीत तर मुदती चुकतात. युनियनशी जोडलेली पेन्शन असेल तर पुढचं योगदान आणि हक्क यांचं काय होतं, हे प्रत्येकाने प्लॅनचा मूळ दस्तऐवज वाचून पाहावं. प्रचारपत्रकावर विसंबू नये.

सेफ्टीवायर
म्हणूनच ॲम्फाच्या समितीकडून कार्ड भरण्याआधी लेखी उत्तर मागा: संपनिधी किती, वकील कोण, वर्गणी ताशी पगाराच्या किती पट, आणि कराराच्या कुठल्या कलमावर पहिली लढाई. माझं उत्तर बाहेरच्या कंत्राटदारांकडे जाणारं जड देखभालीचं (विमान उघडून करायच्या मोठ्या तपासणी-दुरुस्तीचं) काम. ते हँगर सोडून गेलं की कुठलीही युनियन ते परत आणू शकत नाही.

रिव्हेटगन
कलम बरोबर निवडलंत. पण ते वाचवायला कंपनीशी लढताना रॅम्पवाले सोबत लागतील, आणि त्यासाठी मी टीमस्टर्सचंच कार्ड भरायला सांगेन.