वर्षभराच्या चित्रांचे छापील पुस्तक : आपले अनुभव लिहा

नमस्कार. मी नाशिकमध्ये गंगापूर रोडला राहते आणि गेली २२ वर्षे जलरंगात काम करते आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला मोठा पूर आला आणि नदीपात्रातील दुतोंड्या मारुती पाण्याखाली गेला, तेव्हा आमच्या घरात पाणी शिरले नाही. पण त्या पावसाळ्याची ओल भिंतीतून चित्रांच्या कपाटात उतरली, आणि दिवाळीच्या साफसफाईसाठी कपाट उघडले तेव्हा नारोशंकराच्या देवळाच्या चित्रातील आकाशावर मोहरीएवढे तपकिरी डाग पडलेले दिसले. कापसाच्या ओल्या बोळ्याने एक डाग हलकेच टिपून पाहिला, तर डाग तसाच राहिला आणि भोवतीचा निळा रंग तेवढा उठून आला. त्या कपाटात ३१ चित्रे होती आणि त्यांपैकी एकाचाही धड फोटो माझ्याकडे नव्हता.

त्या वर्षापासून मी दर डिसेंबरमध्ये वर्षभरातील सर्व चित्रांचे एक पुस्तक छापून घेते. प्रती दोनच काढते. एक माझ्याकडे राहते आणि एक पुण्याला बहिणीकडे जाते, म्हणजे एका घरावर संकट आले तरी दुसरी प्रत शाबूत राहील. चित्रे तारखेच्या क्रमाने लावते, चांगली आधी आणि बरी नंतर असा निवाडा करत नाही. २०२२ च्या पुस्तकात मार्च ते जून या चार महिन्यांसाठी एक कोरे पान आहे, कारण ते महिने सासूबाईंच्या आजारपणात गेले, आणि ते पान गाळावे असे मला कधीही वाटले नाही. या क्रमाचा आणखी एक लाभ झाला, जो मी मनातही धरला नव्हता. तीन वर्षांची पुस्तके शेजारी शेजारी उघडून ठेवली तेव्हा दिसले, की रामकुंडापासून सोमेश्वरपर्यंत मी जिथे जिथे नदी रंगवली तिथे तिथे पाण्याला एकच कोबाल्ट निळा वापरला होता, मग महिना आषाढाचा असो की वैशाखाचा. पुढच्या पावसाळ्यात मी छत्री घेऊन घाटावर नुसती पाहत बसले आणि पुराच्या गढूळ पाण्यासाठी बर्न्ट सिएना या लालसर तपकिरी रंगात किती निळा मिसळावा हे घरी येऊन कागदावर करून पाहिले. सुट्या चित्रांच्या गठ्ठ्याने मला हे कधीच सांगितले नसते.

आपल्यापैकी जे कोणी असे पुस्तक करत असतील त्यांनी फोटो कधी आणि कसे काढता, छपाई कशी करून घेता, काय फसले आणि काय जमले, हे कृपया सविस्तर लिहावे. माध्यम कोणतेही असले तरी चालेल.

पंचवटी, रांगोळी

ताईंनी विषय काढला हे फार बरे झाले, कारण माझ्या कलेचे मूळ संध्याकाळपर्यंतही टिकत नाही. मी निवृत्त शिक्षिका आहे. दारात रोज सकाळी ठिपक्यांची रांगोळी काढते आणि सणावाराला मोठी. दुपारपर्यंत तिच्यावरून कोणाची तरी सायकल जाते, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही, कारण दारातली रांगोळी येणाऱ्याजाणाऱ्यांसाठीच असते. पण म्हणूनच माझ्या बाबतीत फोटो ही नक्कल नसून तेवढेच काय ते उरते.

पहिल्या वर्षी मी उंबऱ्यात उभी राहून फोटो काढले आणि पुस्तक हातात आल्यावर पाहते तो प्रत्येक वर्तुळ अंड्यासारखे लांबट झालेले आणि प्रत्येक कमळ एका बाजूने चेपलेले. आता सूनबाई पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून मोबाइल फरशीला समांतर धरून फोटो काढते, आणि रोजच्या लहान रांगोळीसाठी स्टुलावर उभी राहते. वेळ सकाळी सातच्या आतली, म्हणजे अंगणात ऊन उतरलेले नसते आणि तिची सावलीही मध्ये येत नाही.

माझे पुस्तक गुढीपाडव्याला सुरू होते आणि फाल्गुन अमावास्येला संपते. प्रत्येक फोटोखाली तिथी आणि ठिपक्यांची मांडणी लिहिते, उदाहरणार्थ ‘११ ते ६’, कारण ठिपके माहीत असले की नात तीच रांगोळी पुन्हा काढू शकते. एका रंगपंचमीला शेजारची मुले रहाडीतून, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदातून, भिजून आली आणि माझ्या रांगोळीवरून गेली. तो फोटो मी मुद्दाम ठेवला आहे: मोराच्या पिसाऱ्यावर पाच बोटांची केशरी पावले उमटलेली आहेत आणि एका पावलाखाली पिसाऱ्याचे दोन डोळे पुसले गेले आहेत. त्या वर्षाच्या पुस्तकातले ते शेवटून तिसरे पान आहे आणि घरी येणारे सगळे तिथेच थांबतात.

अंबड, तैलरंग

मी कारखान्यात पाळीने काम करतो आणि सुट्टीच्या दिवशी कॅनव्हास रंगवतो. पुस्तकासाठी मी लग्नाच्या अल्बमचा मार्ग धरला, कारण घराजवळच्या लॅबमध्ये करिझ्मा अल्बम तयार होतात, त्यांची पाने जाड असतात आणि अल्बम उघडल्यावर दोन्ही पाने सपाट पडतात. पहिला अल्बम मात्र मी पाहिला आणि मिटून ठेवून दिला. अंजनेरीच्या डोंगरावर संध्याकाळ उतरते आहे असे चित्र होते, ज्यात डोंगर जवळजवळ काळाच होता आणि कड्याच्या वरच्या रेषेवर तेवढा शेवटचा उजेड होता. लॅबमधील ऑपरेटरने लग्नाच्या फोटोंतील चेहरे उजळतात त्याच सवयीने ते चित्र उजळले, आणि माझी संध्याकाळ दुपारी तीनची झाली. चूक त्याची एकट्याची नव्हती, कारण त्याने मूळ चित्र पाहिलेलेच नव्हते. त्यानंतर मी फाइलींसोबत ‘रंग व उजेड यांत बदल करू नये’ अशी लेखी सूचना देतो आणि एक लहान कॅनव्हास पिशवीत घालून बरोबर नेतो. पहिले पान निघाले की दोन्ही खिडकीत धरून पाहतो.

तैलरंगाची खरी अडचण चमक ही आहे. फ्लॅश लावला की जाड रंगाच्या प्रत्येक उंचवट्यावर पांढरा ठिपका उठतो. मी पावसाळ्यातील ढगाळ सकाळ निवडतो, कॅनव्हास गॅलरीत भिंतीला सरळ टेकवतो, सात-आठ फूट मागे जातो आणि दुप्पट झूम करून फोटो काढतो, कारण जवळून काढल्यास मोबाइलच्या रुंद भिंगामुळे चौकटीच्या कडा बाहेर फुगतात. चित्राशेजारी राखाडी कार्ड ठेवून एक जादा फोटो घेतो, म्हणजे पुढे रंगांचा तोल त्यावरून साधता येतो. फाइली पेनड्राइव्हवरच द्याव्यात. एकदा मी त्या व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या फोटोंसारख्या पाठवल्या आणि त्या इतक्या आक्रसल्या, की छपाईत ब्रशचा फटकारा दिसेनासा झाला. माझा एक प्रश्न उरला आहे, तो जाणकारांनी सोडवावा: अल्ट्रामरीन निळा छपाईत जांभळ्याकडे का झुकतो?

सातपूर, छपाई

अंबडच्या दादांच्या प्रश्नावरून लिहितो. माझे वडील नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये नोकरीला होते आणि छपाईतील एवढ्यातेवढ्या फरकाकडे पाहण्याची सवय घरातच लागली. पुढे मी स्वतः ३० वर्षे छपाईचा व्यवसाय केला.

मोबाइलचा पडदा लाल, हिरवा आणि निळा उजेड मिसळून रंग दाखवतो, तर छपाई निळसर सायन, गडद गुलाबी मॅजेंटा, पिवळी आणि काळी या चार शाया कागदावर उतरवते. या दोन्ही पद्धतींच्या रंगांचा आवाका सारखा नाही. गडद निळा साधण्यासाठी सायन आणि मॅजेंटा दोन्ही भरपूर लागतात, आणि मॅजेंटा किंचित वरचढ झाला की डोळ्याला जांभळे दिसते. फाइल चार शायांत रूपांतरित केल्यावर मॅजेंटा थोडा उतरवला, तर निळा पुष्कळसा जागेवर येतो. भडक चमकते गुलाबी रंग चार शायांत येतच नाहीत, आणि सोनेरी रंग स्कॅनमध्ये तपकिरी दिसतो. त्यासाठी मुद्रकाला दोष देऊ नये. पडदा स्वतः उजळतो आणि कागद फक्त पडलेला उजेड परत देतो, म्हणून पूर्ण उजेडाच्या पडद्यावर ठरवलेले चित्र छापल्यावर नेहमी काळवंडलेले वाटते. संगणकाचा उजेड निम्म्यावर आणून मगच निर्णय घ्यावा, आणि ज्या कागदावर पुस्तक निघणार आहे त्याच कागदावर एका पानाचे प्रूफ, म्हणजे छापील नमुना, मागून घ्यावे. प्रूफचे पैसे वाचवणाऱ्यांना अख्खे पुस्तक पुन्हा छापताना मी पाहिले आहे.

एक-दोन प्रतींसाठी ऑफसेटचा, म्हणजे प्लेटा बनवून होणाऱ्या छपाईचा, आग्रह धरू नये, कारण प्लेटांचा खर्च त्या दोन प्रतींवरच पडतो. डिजिटल छपाईत एक प्रतही निघते. पिन बाइंडिंग, म्हणजे मधोमध पिना मारून केलेली बांधणी, असेल तर पाने चारच्या पटीत ठेवावीत. ए-फोर आकाराचे पान भरायचे असेल तर फाइल २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल असावी, म्हणजे ३०० डीपीआय, इंचाला ३०० ठिपके, मिळतात. कडेपर्यंत छापायचे असल्यास चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना निघून जाणारा जादा भाग, ठेवावे लागते, परंतु चित्रांच्या पुस्तकात मी कडेपर्यंत छपाई करू नये याच मताचा आहे. कटिंगमध्ये सही जाते. चित्राभोवती पांढरी जागा सोडा आणि एकच चित्र दोन पानांवर पसरू नका, कारण पाने कण्याला डिंकाने चिकटवतात त्या परफेक्ट बाइंडिंगमध्ये पुस्तकाचा कणा मधला भाग गिळतो. रामकुंडाच्या एका चित्रातील नेमकी पूजा करणारी बाई अशी कण्यात गेलेली मी पाहिली आहे, आणि चित्रकाराला ते सांगताना मला फार अवघड गेले होते. कागद १७० जीएसएमचा (चौरस मीटरला १७० ग्रॅम वजनाचा) मॅट, म्हणजे न चकाकणारा, घ्यावा. चकचकीत कागदावर खोलीतील दिवा दिसतो.

कॉलेज रोड, टॅब्लेटवरील चित्रे

माझे म्हणणे थोडे वेगळे आहे. माझी वर्षाला चारशेच्या वर रेखाटने होतात आणि ती सगळी छापली तर कोणी पाहणार नाही, मीसुद्धा नाही. मी दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी दोन निवडते, म्हणजे वर्षाची २४ होतात. डिसेंबरमध्ये एकदम निवडायला बसले की अलीकडचीच चांगली वाटतात आणि जानेवारीतील कष्ट विसरले जातात, म्हणून महिन्याचा नियम केला. तारखेच्या क्रमाबद्दल मात्र मी ताईंशी पूर्ण सहमत आहे.

नाशिकरोड, भरतकाम

मी भरतकामाचे तुकडे आधी घरच्या पातळ स्कॅनरवर ठेवून स्कॅन केले. काचेला टेकलेला कपडा स्पष्ट आला आणि उठावाचे टाके धुरकट आले, कारण अशा स्कॅनरला काचेपासून जरा वर असलेले स्पष्ट दिसत नाही. शिवाय दाबामुळे गाठीचे टाके चपटे झाले, ते वेगळेच. आता खिडकीजवळच्या टेबलावर उजेड एका बाजूने येईल असा तुकडा ठेवून फोटो काढते. प्रत्येक टाक्याची बारीक सावली पडते आणि छापील पानावरही बोट फिरवावेसे वाटते. मागच्या बाजूचाही एक फोटो छापते. भरतकाम जाणणारी बाई आधी तुकडा उलटून पाहते, तेव्हा पुस्तकातही तिला ते पाहता आले पाहिजे.

रविवार कारंजा, फलक

मी दुकानांचे फलक रंगवत आलो. मेन रोड, सराफ बाजार आणि भद्रकाली भागात एके काळी माझ्या हातची अक्षरे पुष्कळ होती. फ्लेक्स आले आणि ती एकेक करून उतरली. दुकानदारांनी फलक भंगारात दिले यात त्यांचे काही चुकले असे मी म्हणत नाही, कारण फ्लेक्स एका दिवसात मिळतो आणि मला एका फलकाला चार दिवस लागत. माझ्याकडे जुन्या कामांचे नऊ फोटो आहेत, आणि तेही दुकानाच्या उद्घाटनात मालकाच्या मागे फलक आला म्हणून.

मुलीने चार वर्षांपूर्वी पुस्तकाची कल्पना काढली. आता मी वर्षाला पंधरावीस कामे करतो, घरांच्या नावाच्या पाट्या, एखाद्या उपाहारगृहाची भिंत, रिक्षाच्या मागची ओळ, आणि काम वाळले की लगेच फोटो काढतो, ऊन उतरल्यावर, समोरून, शिडीवर चढून पाटीच्या उंचीवरून. एक फोटो पूर्ण पाटीचा आणि एक फोटो एकाच अक्षराचा असतो. ‘श्री’ची वेलांटी कशी वळवली, छाया कोणत्या बाजूला टाकली, हे जवळून छापलेले असते, आणि खाली रंगाच्या डब्यावरील नाव लिहिलेले असते, कारण दोन वर्षांनी पाटी उजळायला बोलावतात तेव्हा तोच रंग लागतो.

सातपूरच्या काकांनी प्रूफबद्दल लिहिले ते खरे आहे, पण माझ्या पुस्तकात रंगापेक्षा रेषेची धार महत्त्वाची असते, म्हणून मी प्रूफवर भिंग धरून अक्षराची कडच तपासतो. गेल्या महिन्यात इंदिरानगरचे एक गृहस्थ घराच्या पाटीसाठी आले. त्यांनी २०२३ च्या पुस्तकातील एका ‘क्ष’वर बोट ठेवले आणि आपल्या आडनावातही ‘क्ष’ आहे, तो असाच हवा, असे सांगितले. ती पाटी काल वाळली. आज संध्याकाळी फोटो काढायला जाणार आहे.