बर्फ दगडासारखा घट्ट, मग हिमनदी ‘वाहते’ कशी? सातवीच्या पोरांना समजवायचंय

मलप्रभेकाठची बाई, खानापूर तालुका

नमस्कार मंडळी. मी इथल्या एका मराठी शाळेत सातवीला भूगोल शिकवते. काल हिमनदीचा धडा घेतला. फळ्यावर लिहिलं, ‘उतारावरून संथ वाहणारा बर्फ म्हणजे हिमनदी.’ मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. “बाई, बर्फ वितळला की वाहतो. न वितळता कसा वाहील?” तिचे वडील मासे विकतात. लादी फोडताना ती रोज बघते. लादी फुटते, वाहत नाही, हे तिचं म्हणणं.

मी “वजनामुळे” एवढं म्हणून वेळ मारून नेली. ती बसली, पण तिला पटलेलं नव्हतं, आणि ते मला घरी येईपर्यंत टोचत राहिलं. आमच्या मुलांनी आभाळातला बर्फ बघितलाय तो वळवाच्या गारांचा, तेवढाच. मलप्रभा कणकुंबीला उगवते ते सहलीत बघितलंय. भागीरथी गोमुखाला बर्फाच्या पोटातून बाहेर पडते ते फक्त चित्रात. हाताशी असलेल्या एखाद्या वस्तूनं हे दाखवता येईल का? आणि कुणी हिमनदी प्रत्यक्ष बघितली असेल तर कृपया सविस्तर लिहा.

फौजी काका, येळ्ळूर

बाई, पोरीचा प्रश्न एक नंबर आहे. मी फौजेत असताना सियाचीनला होतो. आपल्या भागात घरटी एक माणूस फौजेत, त्यामुळे नाव सगळ्यांना माहीत, पण ती हिमनदी आहे हे किती जणांच्या लक्षात असतं? लांबी ७६ किलोमीटर. बेळगावातून निघालात तर निपाणीपर्यंत नुसता बर्फच बर्फ, असं समजा. तिच्या तोंडातून नुब्रा नदी निघते, ती श्योकला मिळते आणि श्योक सिंधूला.

लादी फुटते, कारण ती हातभर जाड असते. तिथं बर्फ शेकडो मीटर जाड. दरवर्षीचं हिम आदल्या वर्षीच्या हिमावर पडतं, खालचं दबतं, त्यातली हवा निघून जाते आणि घट्ट निळसर बर्फ होतो. निळा का, तर बर्फ उजेडातला तांबडा रंग शोषतो आणि निळा सोडतो. वरचा साधारण ५० मीटरचा थर ठिसूळच असतो, तुमच्या पोरीच्या लादीसारखा. त्याच्या खालचा बर्फ मात्र वजनानं दबून, कण कणावर सरकत, न वितळता पुढं जातो. काही ठिकाणी तळाला पाण्याचा थर असतो, त्यावरून सगळी हिमनदी घसरते ते वेगळंच.

शिळी भाकरी वाकवून बघा. वरच्या अंगाला तडे जातात की नाही? हिमनदी खालच्या खडकाच्या उंचवट्यावरून जाताना तसंच होतं. त्या तड्यांची आम्हाला फार भीती. वर कोवळं हिम साचून तोंड झाकलेलं असायचं. आम्ही एकमेकांना दोरानं बांधून चालायचो, पुढचा काठीनं टोचत जायचा. काल तुडवलेली वाट आज फाटलेली असायची. रात्री तंबूत पडल्यावर खालून कडाड् आवाज यायचा, ओला बांबू जाळल्यासारखा. पहिल्या रात्री मी उठून बसलो होतो. शेजारचा गडी म्हणाला, “झोप, ती चाललीय.” ते वाक्य अजून कानात आहे.

आणखी एक सांगतो, पोरांना आवडेल. बर्फावर एक मोठा चपटा दगड पडला होता. उन्हाळ्यात भोवतालचा बर्फ खाली गेला, दगडाच्या सावलीतला राहिला. दोन महिन्यांत तो दगड गुडघाभर उंच बर्फाच्या खांबावर, तुळशीवृंदावनावर ठेवल्यासारखा. आमच्या तंबूखालचा बर्फही असाच राहायचा. तंबू ओट्यावर चढायचा आणि आम्हाला तो हलवायला लागायचा.

गुऱ्हाळवाला, संकेश्वर

बाई, काकवी घ्या की ओ! उभा चिरलेला प्लास्टिकचा पाइप थोडा तिरका ठेवा, गार झालेली दाट काकवी ओता आणि आडवी रांगोळीची सरळ रेघ मारा. थोड्या वेळानं रेघ धनुष्यासारखी वाकते. मधली काकवी पुढं जाते, कडेची पाइपाला चिकटून मागं राहते. गुळाच्या वाफ्यात ओततानाही हेच बघतो आम्ही.

मलप्रभेकाठची बाई

दादा, अगदी हेच एका शास्त्रज्ञानं खऱ्या हिमनदीवर केलंय! लुई अगासी यानं १८४० च्या दशकात स्वित्झर्लंडच्या उंटरआर हिमनदीवर एका रांगेत खुंट्या रोवल्या, आणि पुढं ती रांग मध्ये पुढं वाकलेली दिसली. त्याच हिमनदीवर १८२७ मध्ये हुगी नावाच्या अभ्यासकानं बांधलेली झोपडी बारा वर्षांत किलोमीटरभराहून जास्त खाली आली होती. काकवी आजच आणते.

निपाणीकर, सध्या ब्युनोस आयर्स

मी इथली, अर्जेंटिनातली पेरिटो मोरेनो हिमनदी बघितली. समोरची भिंत पाच किलोमीटर रुंद, पाण्यावर साठ-सत्तर मीटर उंच. आपला गोकाकचा धबधबा ५२ मीटरचा, म्हणजे त्याहून उंच बर्फ समोर उभा. तुकडा कोसळताना आधी दिसतो, आवाज नंतर येतो. ही हिमनदी अधूनमधून समोरच्या किनाऱ्याला टेकते आणि तलावाच्या एका फाट्याला बांध घालते. पाणी तुंबतं, बर्फातून बोगदा पाडतं आणि शेवटी वरची कमान पडते. २०१८ च्या मार्चमध्ये ती रात्री पडली, बघायला जमलेल्या लोकांना दिसलीच नाही. कितीतरी वर्षं जागच्या जागी असलेली ही हिमनदी आता मागं सरकू लागली आहे. वाईट वाटतं.

बारावी सायन्स, बेळगाव

मॅडम, अंटार्क्टिकातल्या टेलर हिमनदीचं पण सांगा. तिच्या तोंडातून लाल पाणी वाहतं, १९११ मध्ये सापडलं. आत अडकलेल्या खाऱ्या पाण्यात लोह आहे, ते हवा लागली की गंजतं. आपल्या खानापूरची माती लोहामुळंच तांबडी आहे, पोरांना लगेच समजेल.

मलप्रभेकाठची बाई

आज प्रयोग केला. रेघ त्या मुलीनंच मारली. पंधरा मिनिटं वर्गात कुणी बोललं नाही, सगळ्यांच्या माना पाइपावर. रेघ वाकल्यावर ती एवढंच म्हणाली, “कडेला चिकटलीय.” मग काकवी चाटून संपवली. फौजी काका, दगडाची गोष्ट मी सांगितली, पण मुलांना ती तुमच्या तोंडून ऐकायची आहे. शनिवारी सकाळची शाळा असते, साडेअकराला सुटते. याल का?

फौजी काका, येळ्ळूर

येतो. सोबत शिळी भाकरी आणतो.