मदत हवी आहे: गॅदरिंगमध्ये दंडार बसवायची आहे

नमस्कार मंडळी. गडचिरोलीकडच्या एका लहानशा कॉलेजात बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहो. यंदा गॅदरिंगचं सांस्कृतिक काम माझ्या गळ्यात पडलंय. दरवर्षी तेच, पेनड्राइव्हवरची गाणी अन् त्यावर नाच. मागच्या साली गाणं मधेच अडकलं अन् पोरं हात वर करून तशीच उभी! म्हणून म्हटलं, यंदा आपल्या झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भाची, दंडार करू; गाणी, नाच अन् सोंगांचं आपलं लोकनाट्य.

अडचण अशी की गावात दिवाळीनंतरच्या मंडईला, म्हणजे जत्रेला, दंडार रात्रभर चालते, अन् सरांनी वेळ दिलाय 20 मिनिटं. सुरुवातीचा गण, म्हणजे देवाचं स्तवन, ठेवावा, की सरळ सोंगावर यावं? माझे मोठे बाबा तरुणपणी लुगडं नेसून बाईचं काम करायचे. त्यांना विचारलं तर म्हणतात, "गणाबिगर दंडार होते का बे?" पण गणातच 8 मिनिटं जातात, मोबाईल लावून मोजली.

दुसरं, आमच्याकडे पोरीच जास्त, पोरं चारच. पोरींनी पुरुषांची सोंगं घेतली तर म्हातारी मंडळी नाक मुरडतील का? ती पहिल्याच रांगेत बसणार.

ढोलकी अन् टाळ मिळाले. वाजवणारा मात्र धानाच्या चुरण्यात (मळणीत) गुंतलाय. नवीन पोराला निदान चालीपुरतं शिकवायचं तर किती दिवस धरू? वडसा, ब्रह्मपुरीकडं कोणी कॉलेजात दंडार बसवली असेल तर सांगा जी. कार्यक्रम जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आहे.